आकाशातून जमिनीकडे : बॉम्बफेकी वैमानिकाच्या जीवनाचा परिचय

युद्धातील वैमानिकांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात लढाऊ विमानाच्या वैमानिकाला अग्रस्थान मिळाले असून बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक बहुतेक वेळा दुसऱ्या रांगेतच राहिला आहे. याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. लढाऊ वैमानिकाचा पराक्रम दोन योद्ध्यांच्या द्वंद्वासारखा सांगता येतो. त्याला समोर प्रतिस्पर्धी असतो, काही मिनिटांत निकाल लागतो आणि ऐकणाऱ्यालाही तो निकाल लगेच कळतो. बॉम्बफेकी वैमानिक ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या ठिकाणी वजन वाहून नेतो, ते खाली सोडतो आणि जगला तर परत येतो. त्याच्या कामाचे फळ त्याला दिसलेच तर दूरवरच्या आगीच्या रूपाने दिसते, आणि पुष्कळदा तेही दिसत नाही. ज्याच्यावर बॉम्ब पडतो त्याचा चेहरा वरच्याला ठाऊक नसतो, आणि कोणी टाकला हे खालच्याला कधीच कळत नाही. कृती आणि परिणाम यांच्यामधील हे अंतर माणसाच्या मनाचे, त्याच्या सोबत्यांचे, त्याच्या घरादाराचे आणि खालच्या वस्तीचे काय करते, हा प्रस्तुत ग्रंथाचा खरा विषय आहे.

हा ग्रंथ चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील वाचकांना समोर ठेवून सिद्ध झाला आहे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटण्याचा संभव आहे, कारण या जिल्ह्यांत हवाई दलाचा मोठा तळ नाही आणि चंद्रपूरजवळच्या मोरवा येथे केवळ लहानशी धावपट्टी आहे. परंतु हवाई युद्ध केवळ विमानतळावर घडत नाही. भद्रावतीजवळ साठच्या दशकात उभा राहिलेला चांदा आयुध निर्माणी हा दारूगोळ्याचा कारखाना, शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील पुलगावचे प्रचंड दारूगोळा भांडार आणि नागपुरात असलेले हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय यांच्यामुळे या भागातील हजारो कुटुंबांचा घरसंसार युद्धसामग्रीच्या उत्पादनावर, साठवणुकीवर आणि निगराणीवर चालत आलेला आहे. दुसरीकडे, प्राणहिता आणि इंद्रावतीच्या काठच्या जंगलांत गेली चार दशके जो नक्षलवादी सशस्त्र संघर्ष चालला, त्याच्या संदर्भात आकाशातून हल्ला करावा की करू नये हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर जाहीरपणे चर्चिला गेला. दारूगोळा तयार करणारे हात आणि ज्यांच्या जंगलावर बॉम्ब टाकण्याची चर्चा झाली ते लोक, हे दोन्ही एकाच प्रदेशात राहतात, अशी स्थिती देशात फार थोड्या ठिकाणी आहे. म्हणून बॉम्बफेकी वैमानिकाची कथा वाचण्यास या प्रदेशाइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.

विषयाच्या इतिहासाचा आरंभ १ नोव्हेंबर १९११ पासून धरण्याची प्रथा आहे. त्या दिवशी ज्युलिओ गाव्होत्ती या इटालियन अधिकाऱ्याने लिबियातील तुर्की छावणीवर आपल्या विमानातून हातबॉम्ब टाकले. बॉम्ब लहान होते आणि नुकसानही फारसे झाले नाही, पण शत्रूची आघाडी ओलांडून थेट त्याच्या पाठीमागे मारा करता येतो ही कल्पना त्या दिवशी सिद्ध झाली. पहिल्या महायुद्धात तिचा विस्तार झाला आणि युद्धानंतर तिला तत्त्वज्ञान मिळाले. इटालियन सेनानी ज्युलिओ दुए यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, पुढील युद्धात शत्रूच्या शहरांवर बॉम्बवर्षाव करून तेथील जनतेचे धैर्य खचवणे हाच विजयाचा सर्वांत जलद मार्ग ठरेल. ब्रिटनमध्ये ह्यू ट्रेंचर्ड आणि अमेरिकेत बिली मिचेल यांनी स्वतंत्रपणे याच दिशेने विचार मांडला. सैन्याच्या हालचालींना मदत करण्याऐवजी शत्रूची युद्ध करण्याची मूळ क्षमताच नष्ट करणे, या धोरणाला सामरिक बॉम्बफेक असे म्हणतात. याउलट आघाडीवरील रणगाडे, पूल, तोफा आणि धावपट्ट्या यांवर केलेल्या हल्ल्याला रणतांत्रिक बॉम्बफेक म्हणतात. पुढील सर्व वाद या दोन विचारसरणींच्या भोवती फिरतात.

या तात्त्विक वादांत एक प्रकरण सहसा झाकले जाते, आणि आदिवासीबहुल जिल्ह्यातील वाचकाने ते मुद्दाम पाहावे असे आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिशांनी इराकमध्ये आणि हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर डोंगराळ टोळ्यांना काबूत ठेवण्यासाठी विमानांचा वापर केला. पायदळाची मोठी मोहीम काढण्यापेक्षा चार विमाने पाठवणे स्वस्त पडते, हा त्यामागचा हिशेब होता. बॉम्ब टाकण्यापूर्वी गावावर पत्रके टाकून लोकांना बाहेर पडण्यास सांगितले जाई, आणि मग रिकाम्या झालेल्या घरांवर, पाण्याच्या साठ्यांवर आणि पिकांवर मारा केला जाई, असे या पद्धतीचे समर्थन होते. पत्रक वाचता न येणारा, गुरे सोडून न जाणारा, आजारी किंवा म्हातारा माणूस या समर्थनात कोठे बसतो, याचे समाधानकारक उत्तर त्या काळच्या अधिकृत लेखनात मिळत नाही. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली, त्याची पहिली स्क्वॉड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ चार वापिटी विमानांनिशी उभी राहिली, आणि भारतीय वैमानिकांना प्रत्यक्ष कारवाईचा पहिला अनुभव याच वायव्य सरहद्दीवर, वझिरिस्तानात मिळाला. परकीय सत्तेच्या गणवेशात, डोंगरातील टोळ्यांविरुद्ध, अशी ही सुरुवात होती. तिच्याकडे पाठ फिरवून भारतीय बॉम्बफेकी वैमानिकाचे चरित्र लिहिता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी वैमानिक ही व्यक्ती प्रथमच फार मोठ्या संख्येने अस्तित्वात आली. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या स्वतंत्र दलात, सुमारे १,२५,००० विमानकर्मींनी काम केले आणि त्यांपैकी ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले. दहांपैकी चारांहून अधिक माणसे मरावीत असे प्रमाण त्या युद्धातील ब्रिटिश सैन्याच्या फार थोड्या विभागांत आढळते. एका वैमानिकाने साधारणपणे तीस मोहिमा पूर्ण केल्या की त्याची एक फेरी संपली असे मानले जाई आणि त्याला काही काळ प्रत्यक्ष हल्ल्यांतून सुट्टी मिळे. काही महिने असे होते की तीसपर्यंत पोहोचणाऱ्यांपेक्षा न पोहोचणारेच अधिक असत. लँकेस्टर या चार इंजिनांच्या विमानात सात माणसे असत: वैमानिक, यंत्रज्ञ, मार्गदर्शन करणारा नॅव्हिगेटर, बॉम्ब सोडणारा, बिनतारी संदेश पाहणारा आणि दोन बंदूकधारी. ही माणसे एकत्र येण्याची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. प्रशिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यात बहुतेकांना एका मोठ्या हँगरमध्ये जमवून, आपापसात बोलून गट पाडा, असे सांगण्यात येई. हुकमाने नव्हे तर मुख्यतः निवडीने जमलेले हे सोबती पुढे एकत्रच जगत किंवा मरत. विमानात हुद्द्याला नव्हे, वैमानिकाच्या शब्दाला मान असे, त्यामुळे सार्जंट हुद्द्याचा वैमानिक आपल्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याला आज्ञा देऊ शके.

या जीवनाचे सर्वांत विलक्षण अंग म्हणजे शांतता आणि युद्ध यांच्यातील रोजची ये-जा. पायदळाचा सैनिक आघाडीवर गेला की आठवडेच्या आठवडे चिखलात, खंदकात, युद्धातच असतो. बॉम्बफेकी वैमानिक मात्र दुपारी इंग्लंडच्या खेड्यात सायकलवरून फिरत असे, संध्याकाळी नकाशासमोर बसून लक्ष्याचे नाव ऐकत असे, मध्यरात्री जर्मनीवरच्या विमानवेधी तोफांच्या माऱ्यात असे आणि पहाटे पुन्हा त्याच खेड्यातील आपल्या पलंगावर. शेजारचा पलंग रिकामा झालेला असला तर दुपारपर्यंत तेथे नवा माणूस येई. ज्याला हे सहन होईना, जो उड्डाण करण्यास नकार देई, त्याच्या कागदपत्रांवर धैर्याचा अभाव असल्याचा शेरा मारून त्याला अपमानित केले जात असे, आणि तो शेरा मरणाइतकाच भयंकर वाटत असल्यामुळे अनेक जण आतून मोडलेले असतानाही उडत राहिले. युद्धजन्य मानसिक आघाताचा जो अभ्यास आज वैद्यकशास्त्रात होतो, त्याच्या पूर्वेतिहासात या शेऱ्याला महत्त्वाचे स्थान द्यावे लागते. याच दलात शैलेंद्र एकनाथ सुकथनकर या मराठी नावाच्या नॅव्हिगेटरने काम केले आणि डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळवले, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही.

बॉम्बफेकीच्या पद्धतींचे प्रमुख पंथ याच युद्धात स्पष्ट झाले. ब्रिटिशांनी रात्री उडून संपूर्ण शहर हेच लक्ष्य मानण्याचे धोरण स्वीकारले. अमेरिकनांनी दिवसाउजेडी, उंचावरून, विशिष्ट कारखान्यांवर नेमका मारा करण्याचा आग्रह धरला, परंतु युद्धाच्या अखेरीस मार्च १९४५ मध्ये टोकियो जाळताना तो आग्रह त्यांनीच सोडला. जर्मनांनी सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांचा उपयोग आपल्या रणगाड्यांच्या पुढे केला. हाम्बुर्ग, ड्रेस्डेन आणि हिरोशिमा ही नावे पहिल्या दोन पंथांच्या शेवटच्या टोकाची आहेत. भारतीय वैमानिक मुख्यतः तिसऱ्या पंथाचे. भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकांच्या स्क्वॉड्रन डिसेंबर १९४२ मध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांना व्हेंजन्स ही अमेरिकन बनावटीची सूर मारणारी विमाने मिळाली. वैमानिक आणि त्याच्या पाठीमागे बसलेला दुसरा कर्मचारी, असे दोघे जण सुमारे दहा-बारा हजार फुटांवरून विमानाचे नाक जवळजवळ सरळ खाली करून झेपावत, ठरावीक उंचीवर बॉम्ब सोडत आणि मग शरीरावर कित्येक पट वजन आल्यासारखे वाटत असताना विमान पुन्हा सरळ करत. आराकान आणि इम्फाळच्या परिसरात दाट जंगलाखाली दडलेली जपानी ठाणी आणि पूल हे त्यांचे लक्ष्य होते. पुढे हवाई दलाचे प्रमुख झालेले प्रतापचंद्र लाल याच काळात ७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये होते.

या वैमानिकांच्या निष्ठेचा प्रश्न सोपा नव्हता, आणि चंद्रपूरच्या वाचकाला तो इतरांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवेल. १६ ऑगस्ट १९४२ रोजी याच जिल्ह्यातील चिमूरने ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव केला, त्यात सरकारी अधिकारी मारले गेले, आणि मग गावात शिरलेल्या सैन्याने स्त्रियांवर अत्याचार केले, ज्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी दीर्घ उपोषण केले. त्याच महिन्यात बिहारमध्ये आंदोलकांवर विमानांतून गोळ्या झाडल्या गेल्या, हे ब्रिटिश सरकारने नंतर मान्य केले. म्हणजे चिमूरहून तुरुंगात गेलेल्या तरुणाच्या पिढीतलाच दुसरा भारतीय तरुण त्याच सरकारचे पंख छातीवर लावून ब्रह्मदेशाच्या सीमेवर जपान्यांशी लढत होता. एकाला देशभक्त ठरवून दुसऱ्याला नोकर ठरवण्याचा सोपा मार्ग या ग्रंथाने स्वीकारलेला नाही. जपानी विमानांनी एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणमवर आणि डिसेंबरमध्ये कोलकात्यावर बॉम्ब टाकले होते, आणि त्या तरुणांपुढे असलेला धोका खरा होता, हेही त्याच वेळी लक्षात ठेवले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला अध्याय टंचाईचा आणि कल्पकतेचा आहे. ब्रिटिश जाताना कानपूर येथे मोडतोड करून सोडून गेलेली लिबरेटर ही अमेरिकन बॉम्बफेकी विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने पुन्हा उभी केली. कानपूरहून बंगळुरूपर्यंत ती मोडकी विमाने उडवत नेण्याचे धाडस जमशेद मुन्शी या वैमानिकाने केले, आणि ५ क्रमांकाची स्क्वॉड्रन नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांच्यासह स्थापन झाली. यांपैकी काही विमाने पुण्याहून समुद्रावर टेहळणी करत १९६८ पर्यंत सेवेत राहिली, जेव्हा जगात इतरत्र त्यांची जागा संग्रहालयात होती. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात तर बॉम्बफेकी विमानेच नसल्यामुळे मेहर सिंग यांच्या नेतृत्वाखाली डाकोटा या मालवाहू विमानाच्या दारातून बॉम्ब हातांनी ढकलण्यात आले. पुढे १९७१ मध्ये हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली: ४४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनने विंग कमांडर वशिष्ठ यांच्या नेतृत्वाखाली अँटोनोव्ह-१२ या मालवाहू विमानांच्या मागच्या दारातून बॉम्ब टाकून लाहोरजवळच्या छांगा मांगा या जंगलातील दारूगोळ्याच्या साठ्यावर हल्ला केला. दारूगोळा जंगलात का लपवला जातो आणि मग जंगलच लक्ष्य का ठरते, हे भद्रावती आणि पुलगावच्या परिसरातील वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

भारतीय बॉम्बफेकी वैमानिकाच्या जीवनाचा गाभा मात्र कॅनबेरा या विमानात आहे. १९५७ मध्ये ब्रिटनकडून हे दोन इंजिनांचे जेट विमान खरेदी करण्याचा करार झाला, आणि त्यानंतर अर्धशतक, म्हणजे ११ मे २००७ रोजी आग्रा येथे निरोप मिळेपर्यंत, ते भारतीय हवाई दलात राहिले. भारताने प्रामुख्याने घेतलेल्या प्रकारात दोन माणसे असत, आणि त्यांच्या बैठकांची रचना नीट पाहिली तर या पेशाविषयी बरेच काही कळते. वैमानिक विमानाच्या मध्यरेषेपासून किंचित डावीकडे, फुगीर काचेच्या आवरणाखाली बसे आणि त्याच्या बैठकीखाली स्फोटक यंत्रणा असे, जी संकटात त्याला बैठकीसह बाहेर फेकून हवाई छत्रीने उतरवू शके. नॅव्हिगेटर त्याच्या पुढे, खाली, विमानाच्या नाकात असे. लक्ष्य जवळ आले की तो पोटावर आडवा होऊन काचेतून खाली पाहत बॉम्बचा नेम धरी. त्याला अशी बैठक नव्हती. विमान कोसळू लागले तर त्याने उठून, छत्री अडकवून, बाजूच्या दारापर्यंत सरपटत जायचे आणि उडी मारायची, आणि हे सारे विमान उंचावर असेल तरच शक्य होते. रात्री काहीशे फुटांवरून उडणाऱ्या हल्ल्यात ते जवळजवळ अशक्य होते. म्हणजे आपण हँडल ओढले तर आपण वाचू आणि पुढचा माणूस मरेल, ही जाणीव प्रत्येक उड्डाणात वैमानिकाच्या सोबत असे. कॅनबेराच्या वैमानिक-नॅव्हिगेटर जोड्यांमधील निष्ठेविषयी जे सांगितले जाते, त्याचे मूळ या रचनेत आहे, आणि वैमानिकाचे चरित्र नॅव्हिगेटरला वगळून लिहिणे हा या पेशावर अन्यायच ठरतो.

कॅनबेराच्या युद्धजीवनातील एक प्रसंग मराठी भूमीशी जोडलेला आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी पुण्याहून उडालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या गोव्यातील दाभोळी विमानतळाच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड, म्हणजे सुमारे २८,५०० किलो वजनाचे बॉम्ब टाकले आणि त्यानंतर दुसरी तुकडी आली. धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असा आदेश होता. गोवा आपलाच प्रदेश होणार, ही खात्री त्यामागे होती. रात्री पोर्तुगीजांची दोन विमाने तुटक्या धावपट्टीच्या उरलेल्या भागावरून निसटून कराचीकडे गेली. लक्ष्याचा एवढा बारीक विचार करून केलेली बॉम्बफेक आणि हाम्बुर्गसारखी शहरे जाळणारी बॉम्बफेक या दोन्ही एकाच यंत्राने, एकाच कौशल्याने होतात. फरक पडतो तो आदेशाने, आणि आदेश वैमानिक देत नाही. त्याच महिन्यात ५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची कॅनबेरा विमाने संयुक्त राष्ट्रांच्या वतीने काँगोत कटांगा प्रांतातील बंडखोरांच्या विमानतळांवर हल्ले करत होती. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानातील सरगोधा, पेशावर आणि बदीनचे रडार केंद्र यांवर कॅनबेरांनी मारा केला, तर पाकिस्तानचे बी-५७ हे बॉम्बफेकी विमान मूळच्या कॅनबेराचेच अमेरिकेत बनवलेले रूप असल्यामुळे, रात्री एकमेकांच्या विमानतळांवर जाणारी दोन्ही बाजूंची माणसे जवळजवळ सारख्याच यंत्रात बसलेली होती. या युद्धात आणि १९७१ मध्ये पुन्हा, असे दोनदा महावीर चक्र मिळवणारे पद्मनाभ गौतम हे या पिढीचे सर्वांत गौरवलेले बॉम्बफेकी वैमानिक. १९७२ मध्ये पुण्यात झालेल्या विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

या जीवनाविषयीच्या लेखनाचेही स्वतंत्र पंथ आहेत. पहिला अधिकृत इतिहासाचा: त्यात मोहिमा, टनांचे आकडे आणि आदेश असतात, वेब्स्टर आणि फ्रँकलँड यांचा १९६१ चा ब्रिटिश इतिहास त्याचा आदर्श नमुना असून, बॉम्बफेकीने अपेक्षित परिणाम साधला नाही असे स्पष्ट सांगण्याचे धैर्य त्यांनी सरकारी ग्रंथात दाखवले, म्हणून त्यांचे मोठेपण. दुसरा आठवणींचा: ब्रिटिश बॉम्बफेकी वैमानिक गाय गिब्सन यांच्यापासून प्रतापचंद्र लाल यांच्यापर्यंत अनेकांनी स्वतः लिहिले. तिसरा पंथ सामान्य विमानकर्मींच्या मुलाखती घेऊन एकेका रात्रीची पुनर्रचना करणाऱ्यांचा, ज्यात मार्टिन मिडलब्रूक यांचे नाव आधी घ्यावे लागते, आणि भारतात पी. व्ही. एस. जगन मोहन आणि समीर चोप्रा यांनी १९६५ आणि १९७१ च्या हवाई युद्धांवर याच पद्धतीने काम केले. चौथा पंथ खालून पाहणाऱ्यांचा आहे. जर्मनीत अनेक दशके उलटून गेल्यावर योर्ग फ्रीडरिश यांच्या २००२ च्या ग्रंथाने जळालेल्या शहरांतील माणसांची बाजू मांडली आणि मोठे वादळ उठवले. मराठीत वि. स. वाळिंबे यांच्या ‘वॉर्सा ते हिरोशिमा’सारख्या ग्रंथांनी दुसऱ्या महायुद्धाचा विस्तृत पट वाचकांपर्यंत आणला, परंतु विमानातील माणूस आणि विमानाखालचा माणूस यांना एका पानावर आणणारे मराठी लेखन फारच थोडे आहे.

हा विषय आज का महत्त्वाचा आहे, याचे उत्तर गडचिरोलीला माहीत आहे. ५ मार्च १९६६ रोजी मिझो बंडाच्या वेळी भारतीय हवाई दलाने स्वतःच्याच देशातील ऐझॉल शहरावर मारा केला. लोक जंगलात पळाले आणि ही गोष्ट सरकारने बराच काळ मोकळेपणाने मान्य केली नाही. त्या घटनेची छाया पुढील प्रत्येक चर्चेवर पडली. एप्रिल २०१० मध्ये छत्तीसगडच्या दंतेवाडा जिल्ह्यात नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात सुरक्षा दलांचे ७६ जवान मारले गेल्यानंतर जंगलात हवाई हल्ले करावेत अशी मागणी जोर धरू लागली, तेव्हा हवाई दलाचे तत्कालीन प्रमुख, नागपूरचे प्रदीप वसंत नाईक यांनी आपली शस्त्रे सीमेपलीकडच्या शत्रूसाठी आहेत, मर्यादित हानी करण्यासाठी ती बनलेली नाहीत, आणि म्हणून नक्षलवादासारख्या प्रश्नात हवाई दलाचा असा वापर आपल्याला मान्य नाही, असे जाहीरपणे सांगितले. १९७१ च्या युद्धात भाग घेतलेल्या वैमानिकाचे हे मत होते, हे विसरता कामा नये. बॉम्बचे सामर्थ्य ज्याने जवळून पाहिले होते त्यानेच तो येथे नको असे म्हटले. गडचिरोलीच्या आकाशात हेलिकॉप्टरे आली ती जखमींना नेण्यासाठी, मतदान पथके आणि जवान पोहोचवण्यासाठी. तरीही प्रश्न संपलेला नाही. शेजारच्या बस्तरमध्ये अलीकडच्या वर्षांत ड्रोनमधून स्फोटके टाकली गेल्याचे आरोप गावकऱ्यांनी केले आणि पोलिसांनी ते नाकारले. आणि ड्रोन आल्यापासून बॉम्ब टाकणाऱ्याने विमानात बसण्याचीही गरज उरलेली नाही, म्हणजे वरच्या आणि खालच्या माणसातील अंतर आणखी वाढले आहे. स्वतंत्र बॉम्बफेकी विमान भारतातून २००७ मध्ये गेले, त्याचे काम लढाऊ विमानांनी घेतले आणि आता यंत्रे घेत आहेत. अशा वेळी ज्या पिढीने हे काम स्वतःच्या शरीरानिशी केले, तिचे अनुभव नीट नोंदवणे तातडीचे झाले आहे, कारण कॅनबेराच्या पहिल्या पिढीतील माणसे आता फार थोडी उरली आहेत.

प्रस्तुत ग्रंथ त्यामुळे विमानांच्या वेगाचे आणि शस्त्रसंभाराचे कोष्टक देत नाही. ते अन्यत्र विपुल आहे. येथे प्रत्येक मोहिमेकडे तीन ठिकाणांहून पाहण्याचा प्रयत्न केला आहे: विमानातून, ते सिद्ध करणाऱ्या जमिनीवरून, म्हणजे यंत्रज्ञ, शस्त्रज्ञ आणि कारखान्यातील कामगार यांच्या बाजूने, आणि जेथे बॉम्ब पडला तेथून. वझिरिस्तानपासून ऐझॉलपर्यंतची प्रकरणे दाभोळी आणि सरगोधाच्या प्रकरणांइतक्याच विस्ताराने यावीत, असा कटाक्ष ठेवला आहे, कारण ज्या हल्ल्यांचा अभिमान वाटतो तेवढ्यांचीच नोंद ठेवणाऱ्या समाजाला त्या अभिमानाचा अर्थही पुरता कळत नाही. वैमानिकाच्या शौर्याला या मांडणीमुळे कमीपणा येत नाही. उलट आपण काय करतो आहोत याची जाणीव ठेवून रोज रात्री विमानात चढणाऱ्या माणसाचे धैर्य, जाणीव नसलेल्याच्या धैर्यापेक्षा मोठे आहे, अशी या ग्रंथामागील धारणा आहे.

चौथी एक जागा ग्रंथाच्या अखेरीस हेतुपुरस्सर राखली आहे, ती घरी थांबलेल्यांची. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतील ५४ बेपत्ता भारतीय सैनिकांची जी यादी सरकारने मान्य केली आहे, तिच्यात हवाई दलाचे अनेक वैमानिक आहेत. त्यांपैकी फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे सुखोई-७ या जमिनीवरील लक्ष्यांवर बॉम्ब आणि अग्निबाण टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक होते. ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातील शोरकोट येथील विमानतळावर हल्ला करताना त्यांचे विमान पाडले गेले आणि ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या दमयंती तांबे यांनी पुढील अनेक दशके सरकारी कार्यालयांत, न्यायालयांत आणि पत्रव्यवहारात घालवली, आणि २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांचे शिष्टमंडळ पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले तरी यादीतील नावांचा उलगडा झाला नाही. या नातेवाइकांनी जमवलेली वृत्तपत्रांची कात्रणे, छायाचित्रे आणि कैद्यांच्या साक्षी हेही हवाई युद्धाचे दस्तऐवजच आहेत, आणि स्क्वॉड्रनच्या नोंदवह्यांच्या बरोबरीने त्यांना या ग्रंथात स्थान मिळाले आहे.